वर बर्फ दगडासारखा, खाली दूध फाटतंय. गॅस भरू का?

चहाबाज, सोलापूर:
फ्रिज डबल डोअर, 260 लिटर, 2016 सालचा. रविवारपासून खालचा कप्पा गारच होत नाही. सकाळचं दूध दुपारी फाटलं. इडलीचं पीठ भांड्याबाहेर आलं, आई म्हणते थंडीत कधी असं फुगलं नाही. फ्रीझरमध्ये बर्फ मात्र दगडासारखा. त्याआधी दोन-तीन दिवस पंखा कशालातरी घासल्यासारखी घरघर यायची, ती आता थांबलीय. मेकॅनिक आला, मागून हात लावला, "गॅस गेलाय, साडेतीन हजार" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. बाहेर 43 अंश, बाबांचं इन्सुलिन शेजारच्या काकूंकडे ठेवलंय. भरू का गॅस?

पुणेरी_ताक:
दाराचं रबर बघा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सरकन निघाली तर रबर गेलं.

चहाबाज:
चारही बाजूंनी ओढून पाहिली. वीसची होती, फाटता फाटता वाचली.

मिरजेचा मिस्त्री:
गॅस भरू नका. गॅस कमी झाला असता तर वरचा बर्फही असा दगडासारखा राहिला नसता. तुमच्याकडे गारवा तयार होतोय, तो खाली पोचत नाहीये.

तुमच्यासारख्या फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये गारवा देणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते. तिथलाच पंखा थंड हवा खाली ढकलतो. कॉइलवर बर्फ धरतो, म्हणून कॉम्प्रेसर काही तास चालला की हीटर आपोआप लागून तो वितळवतो. हीटर लागलाच नाही तर बर्फ वाढत पंख्यापर्यंत येतो. ती घरघर म्हणजे पाती बर्फाला घासत होती. आता पंखाच अडकला असणार.

प्लग काढा, दोन्ही दारं 24 तास उघडी ठेवा, खाली जुनी चादर टाका. सुरीने बर्फ खरवडू नका. सुरीने कॉइलला भोक पाडलेले दोन फ्रिज माझ्याकडे आलेत, त्यांना मग खरंच गॅस भरावा लागला. बर्फ गेल्यावर फ्रिज नीट चालला आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा हेच झालं, तर दोष डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवण्याच्या यंत्रणेचा. हीटर, बायमेटल (गारवा ओळखून हीटर चालू-बंद करणारा भाग) आणि फ्यूज मीटर लावून तपासायला सांगा. बर्फ वितळूनही पंखा फिरला नाही तर पंख्याची मोटर.

औषधवाली_ताई:
काकूंना सांगा, इन्सुलिन फ्रीझरला किंवा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. गोठलं की टाकूनच द्यावं लागतं.

चहाबाज, बारा दिवसांनी:
काकूंकडे पेनं खरंच मागच्या भिंतीला टेकलेली होती, पण गोठली नव्हती. आता दाराच्या कप्प्यात आहेत.

फ्रिज चोवीस तास उघडा ठेवला. कॉम्प्रेसरवरची पाण्याची ताटली दोनदा भरून वाहिली, स्वयंपाकघरात तळं. मग आठ दिवस झकास, नवव्या दिवशी पुन्हा घरघर. दुसऱ्या मिस्त्रीला बोलावून मीटर लावायला सांगितलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पॅनेल काढलं. हीटर चांगला, बायमेटल फुगून गेलेला. भाग आणि मजुरी मिळून साडेआठशे.

जुना बायमेटल मागून ठेवून घेतलाय. तो गॅसवाला सोसायटीत पुन्हा दिसला की त्याच्या हातावर ठेवणार. चहा मात्र या वेळी नाही.