बाळंतपणानंतर लगेच ऑपरेशन: टाक्याचं की दुर्बिणीचं?

ओवीची आई:
आठवा महिना लागलाय, दुसरं बाळ. यानंतर मुलं बंद करायचं ऑपरेशन करायचं आमचं ठरलंय. डॉक्टर म्हणतात, नॉर्मल झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाक्याचं करू. जाऊबाई म्हणतात, दुर्बिणीचंच कर, टाक्याच्यानं कंबर कायमची जाते. त्या दुर्बिणीचं करून संध्याकाळी घरी आल्या होत्या. तुम्ही काय केलंत?

लेबररूमची ताई:
22 वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. डॉक्टरांचं ऐक गं. जाऊबाईंचं बाळंतपणानंतर बऱ्याच दिवसांनी झालं असणार, कारण दुर्बिणीचं सहा आठवड्यांच्या आत करत नाहीत. बाळंतिणीची पिशवी बेंबीपर्यंत असते, बीज वाहून नेणाऱ्या नळ्या सुजलेल्या, रक्ताने भरलेल्या. दुर्बिणीच्यात नळी बंद करायला तिच्यावर रिंग चढवतात; अशा वेळी ती चढवताना नळी फाटते, नाहीतर रिंग नीट बसत नाही. पिशवी वर असते म्हणूनच तेव्हा टाक्याचं सोपं जातं. बेंबीखाली लहानसा छेद दिला की नळ्या हाताशी येतात. डॉक्टर नळी पार तिच्या झालरीसारख्या टोकापर्यंत बघून घेतात, कारण शेजारचा बंध फसवा असतो, नळीच वाटते. मग नळीचा वेढा विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधून वरचा तुकडा कापतात.

कमरेचा आणि नळ्यांचा संबंध नाही. खात्रीचं म्हणशील तर, अमेरिकेत दहा हजारांवर बायकांचा पाठपुरावा करून 1996 साली आकडे आले. दहा वर्षांत दिवस राहिलेल्या बायका: बाळंतपणानंतर लगेच नळ्या कापलेल्यांत हजारी 7.5, दुर्बिणीच्या रिंगवाल्यांत 17.7. कुठलंही केलं तरी पुढे कधी पाळी चुकली तर लगेच तपास, गर्भ नळीत राहू शकतो.

सई:
माझं सिझर होतं, त्याच छेदातून झालं. डॉक्टरांनी दोन्ही नळ्या अख्ख्या काढल्या, त्याने अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो म्हणाले. विचारून ठेव.

दोन लेकींची माय:
माझी सही कळा चालू असताना घेतली. फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचायची शुद्ध कुणाला असते? अजून सलतं ते. तू आत्ताच फॉर्म माग, घरी बसून वाच. सही तुझी लागते, सासूबाईंची नाही. आणि मन जरासुद्धा मागेपुढे होत असेल तर बाळंतपणानंतर 48 तासांत तांबी बसवून घे. ती काढता येते.

लेबररूमची ताई:
अगदी खरं. बाळाची तपासणी नीट होईपर्यंतही थांबायला सांग. सात दिवसांपर्यंत करता येतं, घाई नसते.

कोल्हापूरकर:
आमच्यात ऑपरेशन मीच करून घेतलं, पुरुषांची नसबंदी, बिनटाक्याची. पोट उघडायचं नाही, भूल जागेपुरती, अर्ध्या तासात मोकळा. तीन महिने निरोध वापरला, मग वीर्य तपासून घेतलं. बायकोची दोन बाळंतपणं बघितल्यावर तिला पुन्हा टेबलावर झोप म्हणवेना.

ओवीची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना धागा वाचून दाखवला. कोल्हापूरकरांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. परवाच्या तपासणीला दोघं जातोय, फॉर्मही घेऊन येते.