बालकृष्णन आणि त्याचं वर्कर्स इन्स्टिट्यूट

लंडनमध्ये माओवादी पंथ चालवणारा अरविंदन बालकृष्णन निव्वळ भोंदू बाबा, माओवाद नुसता मुलामा, असं काहींचं म्हणणं. शेवट (अनुयायी बायकांवर अत्याचार, मग तुरुंग) बघून पटतंही, पण सुरुवात तशी नव्हती. केरळात जन्मलेला, सिंगापुरात वाढलेला हा माणूस १९६३ला लंडनला एलएसईत (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) शिकायला आला, १९७४ला तिथल्या माओवादी पक्षाशी फाटल्यावर वर्कर्स इन्स्टिट्यूट नावाची वेगळी चूल मांडून बसला, आणि चिनी फौज १९७७पर्यंत येऊन ब्रिटन मुक्त करणार असं खुशाल सांगत होता (फौज काही आली नाही!).

पण सांगायचं राहून जातं ते म्हणजे त्याच १९७७ साली सिंगापूरने त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं, म्हणजे घरी परतायची वाट बंद. मग १९७८ला लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या त्याच्या गटाच्या माओ मेमोरियल सेंटरवर पोलिसांची धाड पडली, उघड काम संपलं, उरल्या त्याच्या मुठीतल्या मोजक्या अनुयायी बायका. मला तर खरं वळण हेच वाटतं.