टोइंग ११,०००, पेलोड १,४२०: हाफ-टन घ्यावा की थेट २५००?

धुरा-पाटा
ऑस्टिनच्या आसपास पेव्हर बसवण्याच्या धंद्यासाठी नवा पिकअप. चार दारांची केबिन, ४x४, मागे दोन ॲक्सलचा ७,००० पौंडी ट्रेलर, आठवड्यातून चार दिवस. या कामाला हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गाचा पिकअप (एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टुंड्रा) घेऊ नये, थेट २५००, म्हणजे जास्त भार पेलणारा वरचा वर्ग घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

जाहिरातीत मिरवतात तो टोइंगचा आकडा. गाडी अडते पेलोडवर, म्हणजे ती स्वतःवर किती भार पेलते त्यावर. तो आकडा ब्रोशरमध्ये शोधू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेलं असतं. एकाच मॉडेलच्या शेजारी-शेजारी उभ्या दोन गाड्यांवर चारशे पौंडांचा फरक दिसू शकतो, कारण काचेचं छत, मोठी चाकं, ४x४ हे सगळं त्यातूनच वजा होतं.

समजा स्टिकरवर १,४२० आहे. दोन माणसं ३४०. हत्यारं आणि पेटी २००. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचा भार सगळ्या ॲक्सलांवर वाटणारा जोड) १००. ट्रेलरचा दांडा हिचवर टाकतो तो भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के, १२ धरला तर ८४०. बेरीज १,४८०. हौदात एक विटही न टाकता साठ पौंड जास्त!

घाटमाथा
हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. १,४२० चं स्टिकर म्हणजे शोरूमसमोर उभी असलेली चामडी सीटवाली गाडी. धंद्याला एफ-१५० ची साधी मॉडेलं, एक्सएल किंवा एक्सएलटी घ्या, कापडी सीट, काचेचं छत नको. चार दारांतही १,७०० ते १,९०० चं स्टिकर मिळतं. तुमच्याच बेरजेत दोनशे-चारशे पौंड शिल्लक राहतात.

शिवाय २५०० रिकामा चालवून बघा. मागचं सस्पेन्शन कडक, एलटी (मालवाहू ट्रकच्या) टायरमध्ये ८० पीएसआयपर्यंत हवा, खड्ड्यात कंबर मोडते. इंधन जास्त, टायर महाग. रोज त्याच गाडीने घरची कामंही होणार असतील तर हे सगळं मोजा.

धुरा-पाटा
@घाटमाथा एक्सएलचा मुद्दा मान्य. पण २०२३ पर्यंत एफ-१५० ला हेवी-ड्यूटी पेलोड पॅकेज होतं, त्यात आकडा ३,३०० च्या घरात जायचा. २०२४ पासून कमाल आकडाच २,४४० वर आला, तोही चार दारांच्या ४x४ ला नाही. टुंड्राचा कमाल १,९४०. म्हणजे हाफ-टनवाल्यांना पूर्वी जी पळवाट होती ती आता बरीच अरुंद झाली आहे.

पुण्याहून वाचतोय
एक बाळबोध शंका. आपल्याकडे बोलेरो पिकअप दीड-दोन टन पासिंगचा मिळतो. अमेरिकेतला एवढा धिप्पाड ट्रक सातशे किलोत कसा दमतो?

घाटमाथा
@पुण्याहून वाचतोय कारण बोलेरो पिकअप मालवाहू म्हणूनच बनतो: दोन दारं, जाड पाटे, आराम नावालाच. इथला हाफ-टन म्हणजे पाच जणांची आलिशान कार, मागे हौद जोडलेला. रॅम १५०० ला तर मागे पाटे नाहीतच, कॉइल स्प्रिंग आहेत. बसायला मस्त, भाराला लवकर बसते.

चौदाचा पाना
तुम्ही दोघं पेलोडवर भांडताय, भरवशाचं काय? हाफ-टनात सध्या बिल्ल्यावर विश्वास ठेवायची सोय उरलेली नाही.

सिल्व्हराडो बनवणाऱ्या जीएमचं ६.२ व्ही-८ इंजिन: एप्रिल २०२५ मध्ये २०२१-२४ च्या गाड्यांचं रिकॉल, अमेरिकेत सुमारे ६ लाख. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये दोष, बेअरिंग जातं, इंजिन चालत्या गाडीत बंद पडतं. तपासणीत नापास झालं तर इंजिन बदलतात. पास झालं तर ०डब्ल्यू-२० ऐवजी दाट ०डब्ल्यू-४० तेल, नवा फिल्टर, आणि तेल भरायचं झाकणसुद्धा नवं. ५.३ मध्ये दुखणं वेगळं: सिलिंडर बंद-चालू करणाऱ्या यंत्रणेतले लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) अडकतात, टकटक सुरू होते, मग कॅमशाफ्ट खातो.

फोर्डच्या जुन्या ३.५ इकोबूस्टला कॅम फेझरचा (व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणाऱ्या भागाचा) खडखडाट होता, थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद ऐकू यायचा. रॅमच्या ५.७ हेमीतही लिफ्टर-कॅमच.

लाल माती
म्हणूनच टोयोटा. डोळे मिटून.

चौदाचा पाना
@लाल माती डोळे उघडाच. टुंड्राचं ३.४ ट्विन-टर्बो: मे २०२४ मध्ये २०२२-२३ च्या सुमारे १,०२,००० गाड्यांचं रिकॉल (थोड्या लेक्सस त्यातच). कारखान्यातल्या मशीनिंगचा कीस इंजिनात राहिला, मेन बेअरिंगवर बसला. २०२५ मध्ये आणखी गाड्या यादीत आल्या. टुंड्राच्याच जुन्या ५.७ व्ही-८ चं नाव नव्या इंजिनावर चिकटवू नका.

लाल माती
टोयोटाने इंजिनं बदलून दिली ना? दोष कुठेही निघतो, निस्तरतो कोण ते महत्त्वाचं. पुनर्विक्रीची किंमतही बघा.

चौदाचा पाना
दिली. पण इंजिन येईपर्यंत ट्रक डीलरकडे उभा, आणि पेव्हरचं काम उन्हाळ्यात थांबत नाही. धंद्याच्या गाडीत भरवसा म्हणजे किती दिवस उभी राहते तो हिशेब.

इथे मी @धुरा-पाटा च्या बाजूचा. २५०० मधली पेट्रोल इंजिनं जुन्या घडणीची: शेवीचं (शेवरोलेचं) ६.६, त्यात सिलिंडर बंद करण्याची भानगड नाही, फोर्डचं (तिथे या वर्गाला एफ-२५० म्हणतात) ७.३, लोखंडी ब्लॉक, टर्बो नाही. त्यांच्यातही लिफ्टर गेल्याच्या तक्रारी आहेत, पण बिघडण्यासारख्या गोष्टी कमी. स्टिकर तीन हजारांच्या पुढे.

शंभर नंबरी
२५०० घ्यायचाच तर डिझेल का नको? टॉर्क बघा.

धुरा-पाटा
डिझेल इंजिन जड. जीव्हीडब्ल्यूआर (भारासकट गाडीचं कमाल वजन) १०,००० पौंडांवर बांधलेला असेल तर ते वजन थेट पेलोडमधून जातं. कमिन्स डिझेलवाल्या रॅम २५०० चं स्टिकर दोन हजारांच्या आसपास सापडतं, म्हणजे साध्या एक्सएल एफ-१५० च्या जेमतेम पुढे, आणि वर दहा-एक हजार डॉलर जास्त. इंजिन तेल १२-१३ क्वार्ट. छोट्या फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तापत नाही, काजळी साचते. रोज ७,००० पौंड शहरातल्या शहरात ओढायला डिझेल नको. १४,००० ओढून डोंगर चढायचा असेल तर वेगळी गोष्ट.

शंभर नंबरी
मग हाफ-टनाला मागे स्प्रिंगला आधार देणाऱ्या एअरबॅग टाका, ई रेंजचे (जास्त भाराचे) टायर घाला. विषय संपला.

घाटमाथा
नाही संपला, आणि हे मी हाफ-टनवाला असून सांगतोय. एअरबॅगने मागचा भाग वर उचलला जातो, म्हणजे दिसायला सरळ. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक तेच. स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. हिचच्या रिसीव्हरवरचं छोटं स्टिकरही वाचा: कित्येक हाफ-टनांवर वेट डिस्ट्रिब्युशन हिच नसेल तर दांड्याचा भार ५०० पौंडांवर थांबतो. ८४० टाकणार कुठे?

माझं म्हणणं एवढंच की ट्रेलर नीट भरा. पेव्हरचं पॅलेट ३,००० च्या घरात असतं, ते ट्रेलरच्या ॲक्सलांच्या किंचित पुढे ठेवा. फार पुढे नेलं तर हिच बसते, मागे गेलं तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. भार १० टक्क्यांजवळ राहिला तर दांड्यावर ७००, आणि एक्सएल पुरतो.

चौदाचा पाना
फोर्कलिफ्टवाला पॅलेट इंच मोजून ठेवत नसतो, हे @घाटमाथा ला ठाऊक असणार.

जे काय घ्याल त्याला कारखान्यातूनच ट्रेलर ब्रेक कंट्रोलर मागवा. टेक्सासमध्ये ४,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. पहिल्याच आठवड्यात भरलेला ट्रेलर लावून ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर (गाड्या तोलायच्या काट्यावर) चढवा. तिथे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल, ट्रेलर अशी तीन वेगळी वजनं मिळतात. मागच्या ॲक्सलचं वजन दारावरच्या जीएडब्ल्यूआरशी (त्या ॲक्सलवर चालणाऱ्या कमाल वजनाशी) ताडा. आणि तेल ५,००० मैलांना बदला, डॅशबोर्ड काहीही म्हणो.

घाटमाथा
स्केलचं एकदम मान्य. हाफ-टन तिथे नापास झाला तर माझ्या नावाने बोटं मोडा, पण आधी स्टिकर १,८०० च्या वरचं निवडा.