रिन्यूअल २२ तारखेला: घराचा इन्शुरन्स लोकल एजन्सीतून कोणी घेतला आहे का?

प्रेषक: मेधा, फ्रिस्को

नमस्कार मंडळी,

टेक्ससातल्या आमच्या घराच्या इन्शुरन्सच्या रिन्यूअलचं पाकीट आलं. ३,९०० डॉलरवरून एकदम ४,९००. आजवर एकही क्लेम केलेला नाही. घर २०१२ चं, छप्पर मूळचंच.

हळदीकुंकवाला सुजाताताई ज्या इंडिपेंडंट एजन्सीबद्दल सांगत होत्या, तिथून क्वोट मागवला. ३,६५० आला. घराचं कव्हरेज तेवढंच, ५ लाख २० हजार. फरक दोनच दिसतात: विंड अँड हेल डिडक्टिबल (वारा-गारांच्या क्लेममध्ये आधी आपण सोसायची रक्कम) १ टक्क्याऐवजी २ टक्के, आणि खाली एका ओळीत 'रूफ: एसीव्ही'. एजंटबाई म्हणाल्या, १४ वर्षांच्या छपराला हल्ली बहुतेक कंपन्या असंच देतात. हो म्हणू का? २२ च्या आत ठरवायचं आहे, नाहीतर बँक एस्क्रोतून (कर्जाच्या हप्त्यासोबत इन्शुरन्ससाठी जमा होतं त्या खात्यातून) जुन्या कंपनीला पैसे पाठवून मोकळी होईल.

मेधा

---

प्रेषक: समीर, ॲलन

मेधाताई, बिनधास्त हो म्हणा. आमची पॉलिसी त्याच एजन्सीतून आहे. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत आमच्या ॲटिकमधला पाइप फुटला, तेव्हा कंपनीच्या नंबरवर कोणी उचलत नव्हतं. एजन्सीतल्या बाईंनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला. आधी रस्त्याकडेचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, मग पाणी उपसायच्या आधी फोटो काढा, ओल्या कार्पेटचा तुकडा ॲडजस्टर (नुकसान तपासणारा कंपनीचा माणूस) येईपर्यंत टाकू नका, असं एकेक सांगत राहिल्या. क्लेम मंजूर करणं त्यांच्या हातात नसतं, पण त्या दिवशी माणसाशी बोलता आलं याची किंमत मला माहीत आहे.

वर्षाला १,२५० वाचतात. घ्या.

समीर

---

प्रेषक: अविनाश, प्लेनो

समीर, एजन्सी चांगली असेल, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न त्या एका ओळीचा आहे. मेधा, सही करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बस.

गारपिटीचं डिडक्टिबल छपराच्या खर्चावर लागत नाही, घराच्या पूर्ण कव्हरेजवर लागतं. ५ लाख २० हजाराचा १ टक्का म्हणजे ५,२००. २ टक्के म्हणजे १०,४००.

आता समज, एप्रिल-मे मध्ये गोल्फ बॉलएवढ्या गारा पडल्या आणि छप्पर बदलायला २४,००० सांगितले. छप्पर रिप्लेसमेंट कॉस्टवर, म्हणजे झीज न कापता नव्याच्या पूर्ण खर्चावर असेल आणि डिडक्टिबल १ टक्का असेल, तर कंपनीकडून १८,८०० मिळतात. काही पैसे काम झाल्यावर देतात, पण मिळतात. एसीव्ही म्हणजे ॲक्चुअल कॅश व्हॅल्यू, छपराची झीज वजा करून. १४ वर्षांच्या छपराची झीज निम्मी धरली तर उरले १२,०००. त्यातून १०,४०० गेले. हातात १,६००.

फरक १७,२०० चा. वर्षाला १,२५० वाचवून हा खड्डा भरायला साधारण १४ वर्षं लागतील. आपण कॉलिन काउंटीत राहतो, जिथे वसंत आला की गारा येतातच. स्वस्त पॉलिसीत छप्पर जवळजवळ तुझ्याच खिशावर आहे, एवढं समजून हो म्हणायचं असेल तर म्हण.

अविनाश

---

प्रेषक: समीर, ॲलन

> आपण कॉलिन काउंटीत राहतो, जिथे वसंत आला की गारा येतातच

काका, गारा येतात, पण दरवेळी आपल्याच घरावर येत नाहीत. २०१५ पासून आमचं छप्पर शाबूत आहे. तेवढी वर्षं वाचवलेले पैसे बाजूला ठेवले तर छपराचा बराचसा खर्च त्यातूनच निघतो.

आणि दुसरं, जुन्या पॉलिसीत छप्पर अजून रिप्लेसमेंट कॉस्टवरच आहे हे कशावरून? मेधाताई, रिन्यूअलच्या पाकिटात मागे 'बदल' म्हणून पानं असतात. ती वाचलीत का? नुसतं पहिलं पान पाहून तुलना करू नका.

समीर

---

प्रेषक: वैशाली, कार्यकारिणी

सर्वांना विनंती. एजन्सीचं नाव, एजंटचा फोन नंबर मंडळाच्या मेलिंग लिस्टवर टाकू नये. हवा असेल त्यांनी मेधाला किंवा समीरला वैयक्तिक मेल करावी. व्यवसायाची माहिती प्रायोजकांच्या फॉर्ममधूनच येईल असं गेल्या सर्वसाधारण सभेत ठरलं आहे. दिवाळी अंकाच्या जाहिरातींच्या वेळी काय झालं ते सगळ्यांच्या लक्षात आहे, ते पुन्हा नको.

वैशाली

---

प्रेषक: नितीन, प्लेनो

वैशालीवहिनी, नियम मान्य, पण इथे कोणी नाव घेतलेलंच नाही. मी स्वतः इन्शुरन्सच्या कामात आहे आणि आजवर या लिस्टवर एकही पॉलिसी विकलेली नाही, विकणारही नाही. लोकांना माहिती मिळायला हवी म्हणून लिहितो.

एका कंपनीचा बांधील एजंट त्या कंपनीचाच माल देतो. स्टेट फार्मचं काम बहुतांशी तसं चालतं. इंडिपेंडंट एजन्सीकडे अनेक कंपन्या असतात. त्यामुळे मेधाताई, तिथून एकच क्वोट घेऊन परत येऊ नका. एजंटना लेखी सांगा: १ टक्का डिडक्टिबल, छप्पर रिप्लेसमेंट कॉस्टवर, बाकी सगळं जुन्या पॉलिसीसारखं, या अटींवर ज्या ज्या कंपन्या देतील त्यांचे आकडे द्या. जुन्या पॉलिसीचं डिक्लेरेशन पेज (कव्हरेज आणि अटींचा गोषवारा) सोबत जोडा. एजंटला आपण सांगितलं नाही, तर समोर सगळ्यात कमी आकडा ठेवला जातो, कारण बहुतेक गिऱ्हाइकं तेवढंच विचारतात.

कंपनी 'ॲडमिटेड' (राज्याचं लायसन्स असलेली) आहे की 'सरप्लस लाइन्स' (तसं लायसन्स नसलेली, पण चालणारी), हेही विचारा. सरप्लस लाइन्सची कंपनी बुडाली तर टेक्ससचा गॅरंटी फंड क्लेम भरत नाही, आणि प्रीमियमवर ४.८५ टक्के टॅक्स वेगळा लागतो. जिथे दुसरं कोणी उभं करत नाही तिथे तो पर्याय असावा, पण माहीत असून घ्यावा. एजन्सी स्वतःची वेगळी फी लावते का, तेही आधीच विचारून घ्या.

टेक्सस डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सच्या साइटवर कंपनीविरुद्धच्या तक्रारी आणि एजंटचं लायसन्स पाहता येतं. दरांची ढोबळ तुलना हेल्पइन्शुअर या सरकारी साइटवर होते.

नितीन

---

प्रेषक: गौरी, मॅकिनी

मध्येच विचारते. आमच्या गल्लीत गारा पडल्या की दुसऱ्या दिवशी रूफिंगवाले दार वाजवतात, "डिडक्टिबलची काळजी करू नका, आम्ही बघून घेतो" म्हणतात. शेजाऱ्यांनी तसं करून घेतलं असं ऐकलं. मग २ टक्के असले काय आणि १ टक्का असला काय?

गौरी

---

प्रेषक: अविनाश, प्लेनो

गौरी, त्या वाटेला अजिबात जाऊ नकोस. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्ससात कॉन्ट्रॅक्टरने डिडक्टिबल माफ करणं किंवा बिल फुगवून भरून काढणं हा गुन्हा आहे. तू डिडक्टिबल भरल्याचा पुरावा कंपनी मागू शकते, चेकची प्रत किंवा कार्डाची पावती. तसंच, जो रूफर काम करणार तोच तुझ्या वतीने कंपनीशी क्लेमची घासाघीस करू शकत नाही, त्याला कायद्याने मनाई आहे. दारात आलेल्याकडून टॅबवर सही करून घेतली जाते, तो पुष्कळदा पूर्ण कामाचा करार असतो. आधी आपल्या एजंटला फोन, मग सही.

अविनाश

---

प्रेषक: शरद, अर्व्हिंग

आम्ही दोघं नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्याला असतो. घर ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर इन्शुरन्स लागू होत नाही असं जयंत म्हणाला. खरं आहे का? आम्ही थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर ठेवतो आणि किल्ली शेजाऱ्यांकडे असते.

शरद

---

प्रेषक: नितीन, प्लेनो

शरदकाका, टेक्ससच्या बऱ्याच पॉलिसींत ६० दिवसांचं कलम आहे, पण ते प्रामुख्याने सामान हलवून मोकळ्या केलेल्या घराबद्दल असतं. तुमचं सामान, भांडीकुंडी, देवघर सगळं तिथेच आहे आणि तुम्ही परत येणार आहात. तरी शब्द कंपनीगणिक बदलतात, म्हणून जाण्याआधी एजंटला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. पाइप गोठून फुटला तर घर उबदार ठेवलं होतं का, हा प्रश्न वेगळा निघतो. मी तुमच्या जागी असतो तर थर्मोस्टॅट ६० वर ठेवला असता आणि मेन व्हॉल्व्ह बंद करून गेलो असतो. फक्त स्प्रिंकलर त्याच लाइनवर आहेत का ते आधी पाहा, नाहीतर फाउंडेशनभोवतीची माती सुकते.

नितीन

---

प्रेषक: कुंदा, कॅरलटन

स्प्रिंकलरचं नितीनने सांगितलं ते बरोबर आहे, आपली इकडची चिकणमाती सुकली की भेगा पडतात आणि फाउंडेशन सरकलं तर साधी पॉलिसी ते भरून देत नाही. आम्ही घराभोवती झिरपणारा होज टाकून ठेवला आहे.

पण मला सांगायचं आहे ते दागिन्यांचं. पाटल्या, तोडे, सुनेचं मंगळसूत्र, चोरी झाली तर सगळं मिळून दीड हजार डॉलरपर्यंतच देतात, अशी मर्यादा पुष्कळ पॉलिसींत असते. दीड हजारात आज एक बांगडीसुद्धा होत नाही. सराफाच्या किंवा इथल्या ज्वेलरच्या अप्रेझलसह (किमतीच्या दाखल्यासह) दागिने वेगळे नोंदवता येतात, त्याचा प्रीमियम वेगळा. लॉकरमध्ये ठेवता असं सांगितलं तर तो कमी पडतो का, ते विचारून घ्या. एजंट घरबसल्या बोलायला तयार असतो तेव्हा हे सगळं एकदमच विचारावं.

कुंदामावशी

---

प्रेषक: मेधा, फ्रिस्को

सगळ्यांचे आभार. समीरने सांगितल्याप्रमाणे मागची पानं वाचली. जुन्या कंपनीने या रिन्यूअलपासून छपराला 'पेमेंट शेड्यूल' लावलं आहे! वयाप्रमाणे खर्चाचे ठरावीक टक्केच मिळणार. १४ वर्षांच्या आमच्या छपराच्या पुढे ४८ टक्के लिहिलंय. म्हणजे ४,९०० भरूनही छप्पर पूर्ण मिळणार नव्हतं. अविनाशकाकांनी १८,८०० चा जो हिशोब मांडला तो गेल्या वर्षापुरता खरा होता, आता तो जुन्या कंपनीतही उरलेला नाही.

नितीनदादांनी दिलेल्या अटी एजंटबाईंना ईमेलने पाठवल्या. त्यांच्याकडच्या तिसऱ्या कंपनीने १ टक्का, छप्पर रिप्लेसमेंट कॉस्टवर, ४,२५० दिले. ॲडमिटेड कंपनी आहे. अट एकच, छपराचं इन्स्पेक्शन होईल, आणि ते पास झालं नाही तर पहिल्या ६० दिवसांत पॉलिसी रद्द होऊ शकते. ते धोक्याचं वाटतं. शिवाय काल पाहिलं तर बँकेने जुन्या कंपनीला पैसे पाठवून टाकले आहेत. आता?

आणि हो, झिलोवर घराची किंमत सव्वासात लाख दाखवतात, कव्हरेज ५ लाख २० हजार. कमी पडेल का?

मेधा

---

प्रेषक: अविनाश, प्लेनो

मेधा, ४,२५० चांगला आहे. माझा आकडा जुन्या अटींवर होता. अटी बदलल्या तर निर्णय बदलायलाच हवा.

इन्स्पेक्शनसाठी थांबू नकोस. ओळखीच्या रूफरला आत्ताच वर चढवून फोटो काढून घे, आणि एजंटकडून ते फोटो कंपनीला आधी पाठवून विचार. शिंगल्सचे कण छपराच्या पन्हळीत दिसताहेत का, पाइपभोवतीचे रबराचे बूट चिरलेत का, ते पाहून लागेल तेवढं दुरुस्त करून घे. दोन-तीनशे डॉलरचं काम असतं. जुनी पॉलिसी मात्र नवीन सुरू झाल्याचं लेखी हातात आल्याशिवाय रद्द करायची नाही. मध्ये एक दिवसही मोकळा राहिला तर बँक स्वतःची पॉलिसी लावू शकते आणि ती महाग पडते.

झिलोच्या आकड्यात जमिनीची किंमत असते. जमीन जळत नाही. घर पुन्हा बांधायला काय लागेल तेवढंच कव्हरेज हवं. एजंटला चौरस फुटामागे किती धरलंय ते विचार.

अविनाश

---

प्रेषक: समीर, ॲलन

बँकेचे पैसे अडकत नाहीत. जुनी पॉलिसी रद्द केली की न वापरलेल्या दिवसांचा परतावा येतो, फक्त चेक बहुधा तुमच्या नावाने घरी येतो. तो लगेच एस्क्रोत जमा करा. खर्च करून टाकला तर बँकेच्या पुढच्या हिशोबाला एस्क्रो कमी पडतो आणि महिन्याचा हप्ता वाढतो. नवीन कंपनीचं बिल आणि डिक्लेरेशन पेज एजंटनेच बँकेच्या इन्शुरन्स विभागाला पाठवायला हवं. त्यावर लोन नंबर बरोबर आहे का तेवढं तुम्ही पाहा.

काका, छप्पर बदलायची वेळ आलीच तर क्लास ४ (गारांच्या माराला टिकणाऱ्या) शिंगल्स घ्या असंही सांगा. बऱ्याच कंपन्या प्रीमियममध्ये सूट देतात.

समीर

---

प्रेषक: अविनाश, प्लेनो

सूट मिळते, पण त्यासोबत 'कॉस्मेटिक डॅमेज' वगळणारं कलम येतं का ते पाहा. नुसते डाग किंवा पोचे पडले आणि गळती नाही, तर मग काहीच मिळत नाही. पत्र्याच्या छपरावर ते जास्त लागतं.

---

प्रेषक: श्रीधर, खजिनदार

हाच धागा चालू आहे म्हणून विचारतो. गणपतीच्या हॉलसाठी शाळेच्या डिस्ट्रिक्टने १० लाख डॉलरच्या लायबिलिटीचं सर्टिफिकेट मागितलं आहे, डिस्ट्रिक्टचं नाव 'ॲडिशनल इन्शुअर्ड' (आपल्या पॉलिसीचं संरक्षण त्यांनाही) म्हणून हवं. गेल्या वर्षीची पॉलिसी एका दिवसाची होती, या वेळी आदल्या दिवशीची मांडणी आणि मिरवणूकही धरायची आहे. या एजन्सीकडून क्वोट घेता येईल का?

श्रीधर

---

प्रेषक: वैशाली, कार्यकारिणी

श्रीधर, मंडळाच्या कामासाठी किमान तीन क्वोट लागतात, ते कार्यकारिणीत येऊ द्या. ढोल-ताशा पथकाचे किती जण आणि जेवण कोण देणार, हे ठरल्याशिवाय कोणीच आकडा देणार नाही. नवीन विषयाने मेल काढा. मेधा, पॉलिसी पक्की झाली की इथे एक ओळ टाक, अजून चार जणांचं रिन्यूअल मार्चमध्ये आहे.

वैशाली