'गेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ओळखायचा कसा?

प्रश्न: 'गेट' (दरवाजा नव्हे, क्रियापद) म्हणजे मिळणं, पोचणं, होणं, समजणं... वाक्यात नेमका कुठला अर्थ, हे कसं ठरवायचं?

उत्तर १: पुढचा शब्द बघा. नाम असेल तर बहुधा मिळणं किंवा आणणं. विशेषण असेल तर होणं: 'गेट टायर्ड' म्हणजे दमणं. 'टू' आणि ठिकाण असेल तर पोचणं: 'गेट टू द स्टेशन'. मात्र 'होम', 'हिअर', 'देअर' इथे क्रियाविशेषणं असल्यामुळे 'टू' लागत नाही. 'गेट टू होम' चूक.

उत्तर २: खरी गंमत 'करून घेणं' या अर्थात आहे. माणूस मध्ये आला तर 'टू' हवंच: 'गेट हिम टू साइन'. यात थोडं पटवणं, मागे लागणं आलं. 'हॅव'ला मात्र 'टू' नको: 'हॅव हिम साइन'. या दोन रचनांची सरमिसळ हमखास होते. वस्तू मध्ये आली तर क्रियापदाचं तिसरं रूप: 'गेट द कार रिपेअर्ड', म्हणजे गाडी दुरुस्त करून घेणं.

उत्तर ३: कर्मणी प्रयोगातही 'गेट' येतं: 'ही गॉट फायर्ड'. पण क्रिया घडावी लागते. नुसती स्थिती असेल तर चालत नाही. म्हणून 'वॉज नोन' बरोबर, 'गॉट नोन' नाही.

अमेरिकी इंग्रजीत 'हॅव गॉट' म्हणजे जवळ असणं आणि 'हॅव गॉटन' म्हणजे मिळालेलं असणं. ब्रिटिश इंग्रजीत दोन्हीकडे सहसा 'गॉट'च. औपचारिक पत्रात 'रिसीव्ह' किंवा 'बिकम' वापरलेलं बरं.