मदत हवी आहे: भोसरीतला व्हीएमसी जॉबवर्कचा गाळा, मार्चअखेरचा हिशोब आणि कर

व्हीएमसी_भोसरी

नमस्कार मंडळी. आर्थिक वर्ष २०२५-२६ संपत आलंय. पुढची आकडेमोड कशी करावी याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. शक्य तेवढी माहिती देतो.

प्रोप्रायटरी फर्म आहे, भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा. व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशिन. काम पूर्णपणे जॉबवर्कचं. माल कंपनीचा येतो, आम्ही मशिनिंग करून परत पाठवतो. मार्चअखेर जीएसटी सोडून ६२ लाखांची बिलं होतील, मागच्या वर्षी ३८ लाख होती. सगळे पैसे बँकेत येतात. जीएसटीत नोंदणी आहे, क्यूआरएमपी (रिटर्न तिमाही, कर दर महिन्याला) घेतलेलं आहे.

वर्षाचा अंदाजे खर्च, लाखांत: तीन कामगारांचे पगार ८.४, गाळ्याचं भाडं ४.२, वीज ६.२, टूल-इन्सर्ट-कूलंट १४.५, बाहेरून करून घेतलेलं हार्डनिंग आणि ग्राइंडिंग ८.६, मेंटेनन्स २.३, कर्जाचं व्याज ४.२. डिसेंबरमध्ये दुसरं मशिन घेतलं, २४ लाख अधिक ४.३२ लाख जीएसटी. जुन्या मशिनची पुस्तकी किंमत ११ लाख आहे.

प्रश्न असे:
१. ४४एडीमध्ये (आयकराची अंदाजे नफ्याची योजना) उलाढालीच्या ६ टक्के नफा दाखवावा की पूर्ण हिशोब लिहून नफा काढावा?
२. गाळामालक जीएसटीत नाहीत. भाडं महिना ३५,००० आहे. त्यावर आम्हाला काही भरावं लागतं का?
३. मशिनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (पुढच्या करातून वळती होणारी रक्कम) अजून शिल्लक आहे. ते रोखीत परत मिळतं का?
४. मोठी कंपनी ९० दिवसांनी पैसे देते. जीएसटी मात्र लगेच भरावा लागतो. यावर उपाय?
५. कर वाचवायला मार्चच्या आत विमा पॉलिसी घ्या असं एजंट सांगतोय. घ्यावी का?

---

पाटीपेन्सिल

४४एडी घ्या आणि मोकळे व्हा. ६२ लाखांचे ६ टक्के म्हणजे ३.७२ लाख. कर शून्य. वह्या नकोत, ऑडिट नको.

---

जमाखर्च

पाटीपेन्सिल, ४४एडी घ्यावं हे बरोबर, पण ३.७२ लाख दाखवण्याचा सल्ला देऊ नका. त्यात यांचं नुकसान आहे.

आधी खरा नफा काढू. खर्चाची बेरीज ४८.४ लाख, म्हणजे घसाऱ्याआधीचा नफा १३.६ लाख. जुन्या मशिनवर १५ टक्के घसारा १.६५ लाख. नवीन मशिन डिसेंबरमध्ये चालू झालं. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर, म्हणून निम्मा दर, साडेसात टक्के: १.८ लाख. घसारा २४ लाखांवरच काढायचा. जीएसटीचं क्रेडिट घेतलंत तर ती रक्कम मशिनच्या किमतीत मिळवता येत नाही. राहिला नफा १०.१५ लाख. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात धरलंय ना, ते एकदा बघा. मुद्दल खर्च नाही. बऱ्याच जणांच्या वहीत अख्खा हप्ता खर्चात पडलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. २०२५-२६ साठी नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर कलम ८७ए ची सूट ६०,००० पर्यंत मिळते, म्हणजे कर शून्य. ३.७२ लाख दाखवा नाहीतर १०.१५ लाख दाखवा, कर तेवढाच: काही नाही. फरक पडतो तो बँकेत. पुढच्या मशिनचं कर्ज किंवा सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट मागायला जाल तेव्हा रिटर्नमधला नफा बघूनच रक्कम ठरते. २४ लाखांच्या मशिनचा हप्ता भरणारा माणूस वर्षाला ३.७२ लाख कमावतो हे कोणालाच पटणार नाही, आयकर खात्यालाही नाही. कायद्यात ६ टक्के हा किमान आकडा आहे. त्याहून जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं.

म्हणून ४४एडीच घ्या, आयटीआर-४ (या योजनेचं रिटर्न) भरा, पण नफा १०.१५ लाख दाखवा. ६ टक्क्यांपेक्षा जास्त दाखवल्याने तुम्ही योजनेबाहेर पडत नाही. कमी दाखवलंत तर पडता, आणि मग पुढची ५ वर्षं ४४एडी बंद. त्या काळात उत्पन्न मूळ सूट-मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही लागतं. पुढच्या वर्षी नवीन मशिनचा पूर्ण घसारा आणि व्याज येऊन नफा खाली जाईल, तेव्हा ही अट डोक्यात ठेवा.

३१ मार्चला कंपनीकडून येणं बाकी असलेली बिलंही ६ टक्क्यांतच धरता येतात, पैसे रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतून आले तर. त्या मुदतीनंतर किंवा रोखीत आले तर ८ टक्के.

---

जमाखर्च

पॉलिसीबद्दल वेगळं लिहितो, कारण मार्च महिन्यात हीच चूक सर्वात जास्त होते. नवीन प्रणालीत ८०सी ची (विम्याच्या हप्त्याची वगैरे) वजावट नाही. पॉलिसी घेऊन तुमचा एक रुपयाही कर वाचत नाही.

जुनी प्रणाली निवडली तर? १०.१५ मधून ८०सी चे १.५ लाख वजा, राहिले ८.६५. त्यावर कर ८५,५००, सेस धरून ८८,९२०. नवीन प्रणालीत शून्य. शिवाय धंद्याचं उत्पन्न असेल तर जुन्या प्रणालीत जायला १०-आयईए फॉर्म लागतो आणि नव्यात परत यायची संधी एकदाच मिळते. विम्याची गरज असेल तर विमा जरूर घ्या, घरच्यांच्या सुरक्षेसाठी घ्या. कराचं नाव पुढे करू नका.

एक इशारा. १२ लाखांच्या मर्यादेत एफडीचं व्याज वगैरे सगळं येतं. एकूण १२.५ लाख झालं तर ५०,००० कर आणि वर सेस. १२ ते साधारण १२.७ लाखांच्या पट्ट्यात वरचा प्रत्येक रुपया करात जातो. शेअर विकून अल्पमुदतीचा नफा झाला असेल तर त्याच्या विशेष दराच्या करावर ही सूट नाही, आणि आयटीआर-४ ही चालत नाही, ३ भरावा लागेल.

---

मीनल_का

भाड्याचं बघू. हो, भरावं लागतं. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून व्यापारी जागा भाड्याने घेतली तर नोंदणीकृत भाडेकरूने रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाच्या जागी स्वतः, १८ टक्के जीएसटी भरायचा. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्यांना) यातून सूट आहे, तुम्ही त्यात नाही. तुमचे महिन्याला ६,३०० होतात.

पद्धत अशी. मालकाच्या नावाने स्वतःच सेल्फ-इन्व्हॉइस बनवायचं, ३० दिवसांच्या आत. पैसे देताना पेमेंट व्हाउचर. कर जीएसटीआर-३बीच्या (कर भरण्याच्या रिटर्नच्या) ३.१(डी) रकान्यात दाखवायचा आणि कॅश लेजरमधूनच (पोर्टलवर रोख जमा केलेल्या पैशांतूनच) भरायचा. इथेच लोक अडकतात. मशिनचं क्रेडिट पडून आहे म्हणून त्यातून वळतं करायला जातात, पण रिव्हर्स चार्जला क्रेडिट चालत नाही. रोख भरा आणि त्याच रिटर्नमध्ये ४ए(३) मध्ये तेवढंच क्रेडिट घ्या. म्हणजे पैसे जात नाहीत, फक्त फिरतात.

आजवर काही भरलं नसेल तर ऑक्टोबर २०२४ पासून जानेवारीपर्यंतचा आकडा एक लाखाच्या जवळ जातो. दर महिन्याचं वेगळं सेल्फ-इन्व्हॉइस आजच्या तारखेने काढा, पुढच्या ३बीत एकदम भरा, व्याज ५.१ मध्ये. व्याज वर्षाला १८ टक्के, म्हणजे ६,३०० एक वर्ष थकले तर १,१३४. उशिराच्या इन्व्हॉइसबद्दल दंडही लागू शकतो. ही रक्कम परत येत नाही. कराचं क्रेडिट मात्र मिळतं: २६ जून २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय की नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या सेवेला, क्रेडिटच्या मुदतीसाठी सेल्फ-इन्व्हॉइस ज्या वर्षात काढलं ते वर्ष धरायचं. नोटीस यायच्या आत हे उरकून टाका.

भाड्यावर टीडीएस नाही, महिना ५०,००० च्या आत आहे.

मशिनचं शिल्लक क्रेडिट रोखीत मिळत नाही, पुढे ओढलं जातं. तुमचा कर तिमाहीला पावणेतीन लाखांच्या आसपास आहे, तेव्हा ते लवकरच संपेल. काळजी नको.

---

व्हीएमसी_भोसरी

मीनलताई, जमाखर्च साहेब, खूप मदत झाली. आणखी एक. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिलेल्या कामाचं २,४०,००० चं बिल २५ सप्टेंबरला १२ टक्क्यांनी काढलंय. पैसे डिसेंबरमध्ये आले. ते बरोबर आहे का? त्यानंतरची सगळी बिलं १८ नी आहेत.

---

मीनल_का

नाही, त्यावर १८ टक्के लागतात. आपल्या प्रकारच्या जॉबवर्कचा दर २२ सप्टेंबर २०२५ ला १२ वरून १८ झाला. दर बदलतो तेव्हा काम, बिल आणि पैसे या तीन तारखा बघायच्या. काम बदलाआधीचं, पण बिल आणि पैसे दोन्ही नंतरचे, मग नवीन दर. बिल २२ च्या आत निघालं असतं तर १२ चालले असते.

फरक ६ टक्के, १४,४००. कंपनीला डेबिट नोट काढा, त्यात मूळ बिलाचा नंबर आणि तारीख घाला, जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) दाखवा. कंपनीला त्याचं पूर्ण क्रेडिट मिळतं, त्यामुळे अकाउंट्सवाले सहसा नाही म्हणत नाहीत. व्याज मात्र तुमच्या खिशातून.

---

तळवडे_टूलरूम

९० दिवसांच्या दुखण्यावर मार्च हाच औषधाचा महिना आहे.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आज करा, फुकट आहे. आधार आणि पॅन लागतो. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्री २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी आहे, तुम्ही आरामात बसता. नोंदणीनंतरच्या कामाला संरक्षण मिळतं, आधीच्या नाही, म्हणून थांबू नका.

एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. पर्चेस ऑर्डरवर ९० छापलं असलं तरी ४५ च धरायचे. आयकराच्या ४३बी(एच) मुळे या मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ३१ मार्चला बाकी राहिले, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यांचा ऑडिटर हेच विचारणार असतो. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात पर्चेसला नाही, अकाउंट्सला पत्र द्या: उद्यम प्रमाणपत्राची प्रत, बिलवार बाकीची यादी, प्रत्येक बिलाची ४५ दिवसांची तारीख. बिलावर उद्यम नंबर आणि ‘सूक्ष्म उद्योग, सेवा’ छापून घ्या. व्यापारी म्हणून नोंद असेल तर ४३बी(एच) लागू होत नाही, प्रमाणपत्रावर ते आधी बघा.

समाधान पोर्टलवर तक्रार करता येते आणि बँक रेटच्या तिप्पट व्याज मासिक चक्रवाढीने मागता येतं. पण निम्मं काम एकाच कंपनीचं असेल तर तो शेवटचा उपाय ठेवा. कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्सवर (बिलांवर आगाऊ पैसे मिळायचं पोर्टल) नोंदणी सक्तीची आहे. बिल तिथे चढवलं आणि कंपनीने मंजूर केलं की फायनान्सर डिस्काउंट कापून पैसे लगेच देतो. मला हाच रस्ता सर्वात बरा वाटतो, कारण संबंध बिघडत नाहीत.

आणि क्यूआरएमपीत आहात, तर पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (तिमाही रिटर्नआधी बिलं चढवायची सोय) चढवता का? नाहीतर ती कंपनीच्या २बीत (तिला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) तिमाही संपल्यावरच दिसतात, आणि २बीत दिसल्याशिवाय पेमेंट सोडायचं नाही असा बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो. उशिराचं निम्मं कारण तिथेच निघतं.

---

पाटीपेन्सिल

चिप्सचं (मशिनिंगमध्ये निघणाऱ्या धातूच्या किसाचं) काय करता? माल कंपनीचा आहे.

---

व्हीएमसी_भोसरी

ॲल्युमिनियमचे चिप्स आम्हीच ठेवतो, तसं ठरलेलं आहे. भंगारवाला येऊन वजन करून नेतो.

---

जमाखर्च

मग ती विक्री आहे. १८ टक्क्यांचं बिल काढा आणि रक्कम उलाढालीत धरा, ६२ लाखांत ती नाही असं दिसतंय. रोखीत आली तर त्या भागावर ८ टक्के. चिप्स तुमचे हे पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या. भंगारवाला नोंदणीकृत असेल आणि करार २.५ लाखांच्या वर असेल तर तो २ टक्के जीएसटी-टीडीएस कापतो. ते पोर्टलवर स्वीकारलंत तरच कॅश लेजरमध्ये येतं, आणि गाळ्याच्या रिव्हर्स चार्जला वापरता येतं.

आयकराचंही तसंच. कंपनी १ टक्का टीडीएस कापत असेल तर ६२,००० झाले असतील. कर शून्य, म्हणजे ते पूर्ण परत मिळणार. २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टीडीएसची यादी) मधला आकडा आणि तुमची बिलं आताच जुळवून बघा. एखाद्या बिलाचा टीडीएस चुकीच्या पॅनवर गेला असेल तर कंपनीकडून मार्चमध्ये दुरुस्त होतो, जुलैमध्ये कोणी फोन उचलत नाही. पुढच्या वर्षीही नफा एवढाच राहणार असेल तर ट्रेसेस पोर्टलवरून कमी दराच्या टीडीएसचा दाखला मागा. तो मिळाल्याच्या तारखेपासूनच लागू होतो, म्हणून अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील. अर्ज करताना नवे आकडे बघून घ्या.

---

मीनल_का

व्यवसाय कर राहिला. मालकाचा पीटीईसी वर्षाला २,५००, ३० जूनपर्यंत. कामगारांचा पीटीआरसी वेगळा: १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुष कामगाराचे महिना २००, फेब्रुवारीत ३००. महिला कामगाराला २५,००० पर्यंत काही नाही. तुमची रक्कम लहान आहे, त्यामुळे रिटर्न वर्षातून एकदा, ३१ मार्चपर्यंत. फेब्रुवारीच्या पगारातून ३०० कापायचे विसरू नका.

---

व्हीएमसी_भोसरी

तिघेही पुरुष आहेत, तिघांचा पगार १०,००० च्या वर. म्हणजे प्रत्येकी २,५००, एकूण ७,५०० आणि माझे वेगळे २,५००. बरोबर?

---

मीनल_का

बरोबर. दोन्हीसाठी वेगवेगळे नोंदणी क्रमांक असतात. चलन काढताना पीटीईसीच्या क्रमांकावर पीटीआरसीचे पैसे भरू नका. तसे गेले तर मग अर्ज घेऊन येरवड्याच्या जीएसटी भवनात चकरा माराव्या लागतात.