मदत हवी: भाऊ व्यसनमुक्ती सेंटरमधून वापस आला, मोहल्ला तोच, घर बदलावं का? (नागपूर)

रेवती_ना
लवकर सांगा प्लीज, दिघोरीकडे दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत आणि मालक टोकन मागून राहिला. लहान भाऊ सेंटरमधून वापस आला. तिथे चांगला होता, जेवत होता, सगळ्यांशी बोलत होता. घरी आल्यावर थोडे दिवस ठीक आणि आता पुन्हा तोंड लपवून आत येतो. आमच्या गल्लीच्या तोंडावरच दुकान, बाजूला पानठेला, ठेल्यावर तेच ते मित्र, दुधाची पिशवी आणायला गेला तरी त्यांच्यासमोरूनच जावं लागते. आई म्हणते मोहल्ल्याने काय होते, मनात पाहिजे. मला वाटते मोहल्ल्यानेच होऊन राहिलं. ज्यांनी घर बदललं त्यांना फरक पडला का एवढंच सांगा.

इतवारीकर
ताई दुकान म्हणजे कशाचं? देशीचं का? का गांजा, एमडी वगैरे आहे? सेंटरला किती दिवस होता, गोळ्या सुरू आहेत का, काम काय करतो, काहीच लिहिलं नाही तुम्ही.

प्रफुल_वाडी
काहून एवढं विचारून राहिले भाऊ, नशा ती नशा. घर बदला, आजच बदला. आमचे मोठे बाबा एमआयडीसीत होते, सुटी झाली की गेटवरूनच सगळे मिळून जायचे, किती वेळा सोडली अन् किती वेळा धरली. शेवटी लेकीने काटोलला नेलं तेव्हा सुटली. मोठे बाबा तेच, जागा बदलली बस.

माहेर_वर्धा
प्रफुलभाऊ काटोलला दारू मिळत नाही का? माझं माहेर वर्धा, १९७५ पासून जिल्ह्यात बंदी आहे, तरी माझ्या सख्ख्या भावाला घरपोच मिळत होती आणि जास्त पैसे देऊन मिळत होती. मोठ्या बाबांची सुटली ती लेकीने सांभाळलं म्हणून, जागेने नाही.

प्रफुल_वाडी
लेक जागेतच येते ना ताई. तिनं नागपुरात सांभाळलं असतं का?

संदेश_९
बंदीचा विषय निघालाच तर गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपूरला २०१५ ला लागली अन् २०२१ ला उठवली. उठवायला नको होती, माझं स्पष्ट मत. दुकान बंद झालं की पिणारा एकदम थांबत नाही पण नवीन पोरगं लागत नाही.

इतवारीकर
चंद्रपूरचा वेगळा धागा काढा ना. ताईंनी अजून सांगितलंच नाही की दारू आहे का काय.

रेवती_ना
दारूच आहे, देशी, मला वाटलं दुकान लिहिलं म्हणजे कळते. सक्करदऱ्याकडे राहतो, घर आईच्या नावावर आहे, विकायचं नाही, भाड्याने द्यायचं अन् आपण भाड्याने जायचं. भाऊ ऑटो चालवतो. गोळ्या सेंटरवाल्यांनी पिशवीत दिल्या होत्या, तो घेतो म्हणतो.

समुपदेशक_नि
मी व्यसनमुक्तीच्या कामात आहे म्हणून थोडं सविस्तर. आई अर्धी बरोबर आहे अन् तुम्ही अर्ध्या. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला होता. तिथे हेरॉइनची सवय लागलेले पुष्कळ होते, पण घरी गेल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले साधारण ५ टक्केच पुन्हा त्यात अडकले. नशा तिथल्या माणसांशी, तिथल्या वातावरणाशी जोडलेली होती, आणि गावाकडे त्यातलं काहीच नव्हतं. तुमच्या भावाचं उलटं झालं. तो जिथे प्यायला नाही तिथे बरा झाला अन् जिथे पीत होता तिथे वापस आला. तीच वेळ, तोच वास, तोच मित्राचा आवाज आला की मेंदू आधीच मागायला लागते, विचार नंतर येतो. याला मनाचा कच्चेपणा म्हणू नका, आईलाही सांगा.

पण दोन गोष्टी आधी पाहा. एक, तो आता रोज पिऊन राहिला असेल तर घरी कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झटके, भास होऊ शकतात, जीवावर बेतते. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) मानसोपचार ओपीडीत न्या. दुसरं, गोळी कोणती ते गोळ्यांच्या पत्त्यावर (स्ट्रिपवर) वाचा.

प्रणिता_के
ताई एक सांगू, आमच्या वहिनीने भाजीत गोळी टाकली होती त्याला न सांगता, प्यायला की उलट्या झाल्या अन् धसकाच घेतला. घर बदलायचा खर्चच नको.

समुपदेशक_नि
कृपा करून असं कोणी करू नका. ती बहुतेक डायसल्फिरॅम असेल. त्यावर दारू गेली की छातीत धडधड, बीपी खाली, माणूस जाऊ शकतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहते. ज्याला द्यायची त्याला माहीत असूनच द्यायची, डॉक्टरांनी तपासल्यावर.

प्रणिता_के
आमच्याकडे काही झालं नाही, म्हणून सांगितलं.

गजानन_बेसा
दिघोरीत कुठे पाहिलं? पाणी टँकरचं आहे का विचारून घ्या. बेसाकडे या त्यापेक्षा.

माहेर_वर्धा
रेवती, भावाला कोणी विचारलं का? त्याचा ऑटो कुठल्या स्टँडवर लागतो? तिथेही तेच मित्र असतील तर दिघोरीला जाऊन काय करणार?

रेवती_ना
ताई आज बसून विचारलं. स्टँड मेडिकल चौकात आहे, तिथे कोणी पीत नाही म्हणे. सकाळी काहीच वाटत नाही, रात्री ऑटो गल्लीत लावायला येतो तेव्हा ठेल्यावरून हाक येते अन् खिशात दिवसभराचा गल्ला असते. हो म्हटल्याशिवाय घरी येता येत नाही असं म्हणाला. मलाच रडू आलं. पत्त्यावर नालट्रेक्सोन लिहिलं आहे अन् अर्ध्याच्या वर गोळ्या तशाच आहेत.

समुपदेशक_नि
मग टोकन द्यायच्या आधी हे करून पाहा: ऑटो रात्री दुसऱ्या नातेवाइकाकडे लावायचा, गल्ला संध्याकाळ व्हायच्या आत आईकडे किंवा तुमच्याकडे, ही दारूची ओढ कमी करायची गोळी सकाळी कोणासमोर तरी. सेंटरचा फॉलोअप चुकवू नका. ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगा नागपुरात होतात, घरच्यांसाठी अल-अनॉन असते. १४४४६ ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे. एवढं करूनही हाक चुकत नसेल तर घर बदला, आणि बदललं तरी हे सगळं सोबत न्यायचं आहे.

प्रफुल_वाडी
मी तरी म्हणतो बदला. हाक देणारा तिथेच बसला आहे.

संदेश_९
दुकानच हटवायचं असेल तर वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज दिला की मतदान घेता येते, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला (म्हणजे दुकान बंद करा या चिन्हाला) पडली पाहिजेत. वेळ लागते पण होते.

रेवती_ना
ऑटो मामाकडे नंदनवनला लावायचं ठरलं, मामा हो म्हणाले. मालकाला टोकनसाठी थांबा म्हटलं. सोमवारी मेडिकलला घेऊन जाते, ओपीडीत पहिल्यांदा नेताना सेंटरचे कागद लागतात का आधारवर होते?